कृष्णाकाठच्या धुतलेल्या भिंती

मंडळी, पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात आणि कऱ्हाड, ताकारी मागे पडले की किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. तिथे उतरा. पूर्वी या स्टेशनला कुंडल रोड म्हणत. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे कारखाना उभा केला. तेव्हा इथे होता तो निवडुंग आणि साप. आधी माळ साफ करावा लागला, मग कारखान्याची भिंत उभी राहिली. तुमच्या-आमच्या आजोबांनी ज्या लोखंडी नांगराने जमीन उलटली, तो नांगर या वाडीतून गावोगाव गेला.

तिथून पलूस हाकेच्या अंतरावर आहे. आज ते तालुक्याचे गाव आहे. पूर्वी हा सगळा मुलूख तासगाव तालुक्यात मोडायचा. वरच्या अंगाला द्राक्षाच्या बागा, खालच्या अंगाला नदीपर्यंत ऊस. चैत्रात खरड छाटणी आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला फळछाटणी. या दोन छाटण्यांवर इथल्या घरांचे लग्नकार्य, देणे-घेणे, मुलांची शिक्षणे चालतात. बागा पाहायला लोक लांबून येतात. पण आज मी तुम्हाला बागा दाखवायला आणलेले नाही. मी तुम्हाला इथल्या भिंती दाखवणार आहे.

तुम्ही म्हणाल, भिंतीत काय पाहायचे? जरा माझ्याबरोबर नदीकडे उतरा. आमणापूर घ्या, भिलवडी घ्या. भिलवडीचा दगडी घाट पाहा. पूल ओलांडून पलीकडे जा, अंकलखोप आणि औदुंबर लागेल. औदुंबरला दत्ताचे देवस्थान, समोरच्या काठावर भुवनेश्वरीचे देऊळ. बालगंधर्वांचे नागठाणे याच तालुक्यात. खाली ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. या गावांतून हिंडताना एखाद्या जुन्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, फिकट तपकिरी रेघ दिसली तर थांबा. ती महापुराची रेघ. त्या रेघेखालची प्रत्येक भिंत कुणीतरी हाताने धुतलेली आहे. ते धुणे कसे झाले, कुणी केले आणि त्यात मी स्वतः काय चूक केली, ते आज सांगतो.

मी शेतकी पदवीधर. सारी नोकरी कृषी विस्तारात गेली आणि वय पन्नाशीच्या पुढे गेले. बांधावर उभे राहून लोकांना सल्ला देणे हा माझा धंदा. सल्ला देणाऱ्या माणसाला एक खोड लागते. विचारले नाही तरी तो बोलतो.

२०१९ च्या नागपंचमीच्या सुमाराला, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कृष्णा फुगली. महाबळेश्वरापासून पाऊस कोसळत होता. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत येत होते आणि खाली सांगलीजवळ हरिपूरला वारणा तुंबली होती. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका समजतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. लोकांनी २००५ चा पूर पाहिलेला होता. त्या पुराच्या हिशोबाने त्यांनी धान्याची पोती माळ्यावर ठेवली, पेट्या कपाटावर ठेवल्या. पण २००५ चे पाणी नेमके कुठवर आले होते, यावर एकाच घरात तीन मते होती. भिंती धुऊन, रंगवून चौदा वर्षे झाली होती. कुणी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवी, कुणी तिच्याही खाली. आणि पाणी तर त्या सगळ्या हातांच्या वर गेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढताना बोट उलटली. किती घरांचे दिवे विझले, त्यावर लिहायला माझी लेखणी धजत नाही.

पाणी ओसरल्यावर मला पंचनाम्याच्या कामाला एका काठच्या गावात पाठवले. गावाचे नाव सांगत नाही. काठची सगळी गावे तेव्हा सारखीच दिसत होती. बरोबर तलाठी आणि ग्रामसेवक होते. ऊस आडवा होऊन कुजत होता, सोयाबीन होत्याचे नव्हते झाले होते. विहिरीच्या मोटारी गाळात रुतल्या होत्या. आणि घरे? आतून-बाहेरून एकच रंग. जणू साऱ्या गावाला कुणी चिखलात बुडवून उन्हात ठेवले होते. वास असा, की नाकाला रुमाल बांधूनही डोळ्यांत पाणी यावे.

एका घरापुढे एक आजी जोत्यावर बसल्या होत्या. मी वहीत लिहीत होतो. ऊस इतके गुंठे, शेळ्या इतक्या, धान्य इतके. लिहून झाल्यावर आजी म्हणाल्या,

"समदं लिवलासा, सायेब. ह्या भितीचं काय?"

"आजी, भिंत पडली असती तर लिहिली असती. मळली म्हणून लिहिता येत नाही."

"मग पडल्यावर या," आजी म्हणाल्या आणि पदराने ओटा पुसू लागल्या.

मी उगाच अपराधी झालो. काही करावे असे वाटले. तेवढ्यात समोरून एका बागायतदाराचा ट्रॅक्टर आला. त्याच्या मागे बागेवर औषध मारायचा एचटीपी पंप होता. माझ्या डोक्यात कल्पना आली. मी म्हणालो, "अहो, हा पंप आता रिकामाच आहे ना? टाकी पाण्याने भरा, गन घ्या आणि भिंती धुऊन काढा. दाब चांगला द्या. तासाभरात घर स्वच्छ."

लोकांना ते पटले. साहेबांनी सांगितले म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? गल्लीच्या तोंडाशी एका भावकीचा गोठा होता. दगडमातीची जुनी भिंत. पोराने गन घेतली, पूर्ण दाब सोडला. चिखल असा उडाला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झालो. दगड स्वच्छ दिसू लागले. पण दगडांच्या मधली माती, जिच्यावर ती भिंत साठ-सत्तर वर्षे उभी होती, तीही त्याच पाण्याबरोबर वाहत होती. आठ दिवस पाण्यात भिजून ती आधीच लोण्यासारखी झाली होती. हे मला कळायला हवे होते. माती हा माझा विषय आहे, बाबांनो. मी त्यात पदवी घेतली आहे.

आजींचा नातू त्या दिवशी पुण्याहून आलेला होता. पंचविशीचा, शिडशिडीत. तो धावत आला आणि ओरडला, "बंद करा! आदी बंद करा! सांध्यातनं माती निघाली, दिसत न्हाई का?"

पंप बंद झाला. भिंत मात्र थांबली नाही. चार हात रुंदीचा भाग बाहेर फुगला आणि बसला. म्हैस रस्त्यावर बांधलेली होती म्हणून वाचली, आणि पोरगा दोन पावले मागे सरकला म्हणून. कुणी मला काही बोलले नाही. तेच जास्त लागले.

मी त्या मुलाला विचारले, "तुला हे कसे रे कळले?"

"भिती धुणं हाच माझा धंदा हाय, सायेब," तो हळू आवाजात म्हणाला आणि आजीकडे बघून गप्प झाला.

घरी त्याने कधी सांगितलेच नव्हते. बारावी झाली, वाट्याला एकरही जमीन नाही, म्हणून तो पुण्याला गेला. 'कंपनीत आहे' एवढेच घरच्यांना ठाऊक. कंपनी खरी होती, पण तो कंपनीच्या आत नव्हता, बाहेर होता. दहा-पंधरा मजल्यांच्या काचेच्या इमारती असतात ना, त्यांच्या गच्चीवरून दोराने खाली उतरायचे आणि बाहेरून काचा आणि भिंती धुवायच्या, हे त्याचे काम. आत टेबलाशी बसलेल्या बाबूला तो काचेतून दिसायचा आणि तो बाबू त्याला. मध्ये काच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव शाळेपुढे जमले. दोन मजली शाळा, चिखल वरच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत. शिडी लावायला खाली गाळ, ती टिकेना. त्याने गावातून नवे दोर मागवले आणि गच्चीवर चढला. कठड्याला दोर बांधा म्हणून लोक खालून सांगत होते. त्याने कठडा हाताने हलवून पाहिला आणि मान हलवली. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला वळसा घालून, कॉलमला एक दोर बांधला. मग दुसऱ्या कॉलमला दुसरा. कडेवर दोर घासू नये म्हणून खाली पोत्याच्या घड्या घातल्या. कमरेला स्वतःचा पुण्याहून आणलेला पट्टा. एका दोरावर तो बसला, दुसरा नुसता पट्ट्याला अडकवला.

खालून कुणीतरी म्हणाले, "एक दोर पुरंल की रं, दोन कशाला?"

तो म्हणाला, "एक कामाचा, एक जिवाचा."

तो कडेवरून पाठमोरा खाली उतरला तेव्हा आजींनी डोळ्यांवर पदर घेतला. आईच्या तोंडातून शब्द फुटेना. मग आजी म्हणाल्या, "आरं, तू ह्यो धंदा करतूस? लोकांच्या भिती धुतूस?"

"व्हय, आजी."

"आन् आमाला कंपनी म्हणून सांगतूस?"

तो काही बोलला नाही. काम करू लागला.

मंडळी, ते काम मी खाली उभा राहून तासभर पाहिले. आधी त्याने भिंतीवर नुसते पाणी सोडले, हलके, पावसासारखे. वाळलेला थर पाणी पिऊन मऊ होईपर्यंत वाट पाहिली. मग लाकडी पट्टीने वरून खाली गाळ ओढला. मग काथ्याचा ब्रश. मग पुन्हा पाणी. वरचा हात पुरता झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, कारण वरचे पाणी खालीच येणार. आपण उसाला पाणी देताना वरच्या सरीपासून सुरुवात करतो, तसेच ते.

आता हा थर इतका चिवट का असतो, हे मी तुम्हाला सांगू शकतो, कारण ही माझ्या विषयातली गोष्ट आहे. पुराचे पाणी धावते तेव्हा वाळू आणि जाड गाळ आधी खाली बसतो. पाणी घरात शिरून थांबते, तेव्हा शेवटी बसते ती चिकणमाती. तिचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो. तो भिंतीच्या प्रत्येक भोकात शिरतो. काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला काय सांगावा? ओली असताना फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. रानात भेगा पडतात, तशाच भिंतीवरच्या थरालाही पडतात. आणि आकसताना तो थर खालचा चुना, रंग, कधी गिलावाही ओढून काढतो. म्हणून गाळ ओला असतानाच काढावा. वाळला तर आधी भिजवावा. जोर करू नये. त्या मुलाने माती शिकलेली नव्हती, पण हाताला कळलेले होते. मी शिकलो होतो, आणि दाब द्या म्हणून सांगून मोकळा झालो होतो.

दुपारी भाकरी खायला आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात बसलो. मी त्याला त्याच्या धंद्याबद्दल खोदून विचारले. तो मोकळा झाला.

सकाळी वारा पडलेला असताना काम सुरू होते, असे तो म्हणाला. वारा वाढला की माणूस घड्याळाच्या लंबकासारखा काचेवर आपटतो. वर चढताना खिशात काही ठेवायचे नाही. वरून पडलेली साधी किल्लीही खालच्या माणसाच्या डोक्यात गोळीसारखी बसते. बादली, ब्रश, रबरी पट्टी, सगळे सुतळीने पट्ट्याला बांधलेले. उन्हात काच तापते, साबण पटकन वाळतो आणि डाग राहतो, म्हणून उन्हाच्या उलट बाजूने काम करायचे. जगात दुबईला बुर्ज खलिफा म्हणून ८२८ मीटर उंचीची इमारत आहे, २०१० साली ती खुली झाली. तिच्या काचा एकदा वरून खाली धुऊन व्हायला काही महिने लागतात. तोवर वरच्या पुन्हा मळलेल्या असतात. "आपल्या खुरपणीगतच," तो म्हणाला. "ह्या टोकाला पोचूस्तवर त्या टोकाला तण."

मी विचारले, "भीती वाटत नाही का?"

"भ्या वाटतंय, सायेब. ज्याला वाटत न्हाई त्येच्यासंगट मी कामाला जात न्हाई."

मग त्याने सांगितले, की पहिल्या ठिकाणी मुकादम एकच दोर द्यायचा. दुसरा मागितला तर म्हणायचा, भित्रा असशील तर गावी जा. त्याने ते काम सोडले. दोन महिने हातात काम नव्हते. त्याच दोन महिन्यांत त्याने घरी पैसे पाठवले नव्हते आणि बापाने फोनवर त्याला उडाणटप्पू म्हटले होते. आता बाप तिथेच शेजारी बसून भाकरी खात होता. त्याने घास खाली ठेवला. बराच वेळ गाळाने भरलेल्या अंगणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगायचं हुतं की रं." एवढेच. पण दुपारनंतर तो स्वतः गच्चीवर गेला आणि दोन्ही दोरांच्या गाठींपाशी संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

वाचकहो, आपल्या गावात लग्नाच्या बैठकीत विचारतात, मुलगा काय करतो? 'कंपनीत आहे' म्हटले की माना डोलतात. 'भिंती धुतो' म्हटले असते तर? आपणच पोरांना खोटे बोलायला शिकवतो. द्राक्षबागेत औषध मारणारा, गोठा काढणारा, घर धुणारा, यांच्या कष्टावर सारे चालते आणि बैठकीत त्यांचे नाव निघत नाही. त्या आठ-पंधरा दिवसांत सांगली-कोल्हापूरकडे मोठ्या शहरांच्या महापालिकांचे सफाई कामगार मदतीला आले होते. कुणाच्या तरी घरची ती माणसे आपल्या अंगणातला कुजका गाळ उपसत होती. त्यांना चहा देताना कुणी कप वेगळा काढला नाही. पुराने एवढे तरी शिकवले. ते टिकले पाहिजे.

पुढचे पंधरा दिवस त्या गावात भिंत धुण्याची जणू शाळाच भरली. २ सप्टेंबरला गणपती होता आणि गणपती चिखलाच्या घरात बसवायचा नाही, अशी बायकांची जिद्द. त्या मुलाने चार-पाच पोरे हाताशी धरली. जे ठरले ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. पंचनाम्याच्या वहीत यापेक्षा कामाचे दुसरे काही नव्हते, म्हणून इथे देतो. पूर कुणाच्या दारी येऊ नये. पण आलाच तर हे कात्रण कामाला येईल.

भिंतीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा आणि वायरमनने पाहून घेतल्याशिवाय चालू करू नये. ओल्या भिंतीत वीज उतरते. पायांत गमबूट घालावेत. चिखलात काचा असतात, साप असतात, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोसारखे आजार शिरतात. ताप आला तर अंगावर काढू नये, सरकारी दवाखाना गाठावा.

घर कशाचे आहे ते आधी पाहावे. सिमेंटचा गिलावा असेल तर पंप चालेल, पण दाब कमी ठेवून, गन लांब धरून आणि तिरक्या धारेने. दगड-चुन्याची भिंत असेल तर हलके पाणी आणि ब्रश. दगड-मातीची किंवा पांढऱ्या मातीची असेल तर पंपाचे नाव काढू नये. तिथला गाळ ओला असताना लाकडी पट्टीने हलके ओढून काढावा आणि भिंत वाऱ्यावर सुकू द्यावी. भिंत फुगलेली, कललेली किंवा तडकलेली दिसली तर धुणे राहू द्यावे, आधी माणसे आणि जनावरे लांब न्यावीत आणि टेकू द्यावा.

औषधाचा पंप वापरायचा असेल तर टाकी, नळी आणि गन धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने तीन वेळा धुवावी. ते पाणी विहिरीपाशी किंवा ओढ्यात सोडू नये. तणनाशकाचा पंप घराच्या भिंतीला लावूच नये.

डाग जात नाही म्हणून कुणी ॲसिड आणतात. देवळाच्या ओवरीला, घाटाच्या पायरीला तर ते कधीच लावू नये. आपला काळा दगड तग धरतो, पण त्याच्या सांध्यातला चुना ॲसिड खाऊन टाकते. ब्लीचिंग पावडर वापरली तर तिच्यात ॲसिड किंवा संडास धुण्याचे औषध चुकूनही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू छाती जाळतो.

धुतल्यावर लगेच रंग देऊ नये. ओल आत राहिली की रंगाला फोड येतात आणि भिंतीला लोणा धरतो. आधी चुन्याचा हात द्यावा. चुना श्वास घेऊ देतो आणि जंतूही मारतो. ऑइल पेंटची घाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवावी.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या गावात गेलो. गल्ली चुन्याने पांढरी झाली होती. आजींच्या घराची समोरची भिंत धुऊन झाली होती आणि नातू वरच्या पट्ट्यावर ब्रश चालवत होता. आजी खाली उभ्या होत्या.

"तेवढं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ती रेग. हातभर ऱ्हाऊ दे. मागल्या टायमाला पुसली आन् समद्यांनी येगयेगळं सांगितलं."

नातवाने खिडकीच्या वर हातभर पट्टा तसाच ठेवला आणि बाकीची भिंत पांढरी केली. शेजाऱ्यांनी नावे ठेवली. सणासुदीला दारावर चिखल कशाला म्हणाले. आजी ऐकल्या नाहीत. नंतर त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला नातवाने लाल रंगाने रेघ ओढली आणि वर्ष लिहिले.

२०२१ च्या जुलैत, आषाढी एकादशी झाल्यावर दोन-तीन दिवसांत, कृष्णा पुन्हा आली. या वेळी त्या गल्लीत वाद झाला नाही. आजींनी सांगून ठेवले होते, की रेघ म्हणजे हद्द नव्हे. २००५ ला हद्द मानली आणि फसलो. म्हणून माणसे आणि जनावरे आधीच वरच्या अंगाला गेली. जे नेता आले नाही ते, म्हणजे कागदपत्रे, बियाणे आणि मोटारीचा स्टार्टर, लाल रेघेच्या दोन हात वर बांधले. त्या वर्षी पाणी २०१९ च्या रेघेखालीच राहिले. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा लोक ओल्या भिंतींवर हलक्या हाताने पाणी मारत होते, वरून खाली. मला कुणी सल्ला विचारला नाही. मला फार बरे वाटले.

तो मुलगा आज पुण्यातच आहे. तेच काम करतो. बैठकीत आता त्याचा बाप स्वतः सांगतो, "आमचा पोरगा उंच इमारती धुतो." पावसाळ्याआधी तो आठ दिवस गावी येतो आणि शाळेची, देवळाची आणि पाण्याच्या टाकीची बाहेरून तपासणी करतो. तडे गेलेत का, शेवाळ कुठे धरले आहे, पिंपळाचे रोप कुठे फुटले आहे. देवळाच्या सांध्यात उगवलेले बोटभर पिंपळाचे रोप काढायला पाच मिनिटे लागतात. तेच दहा वर्षांनी काढायचे तर देऊळ उतरवावे लागते.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाचा, जावई शहरात असे काम करत असेल. सुट्टीला आला की आपण त्याला पगार विचारतो. त्याबरोबर एवढे विचारा, की दुसरा दोर देतात का? पट्टा आणि टोपी कुणाच्या पैशाची? वारा सुटला तर खाली उतरू देतात का? इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि त्यात इमारतीच्या देखभालीचे कामही धरलेले होते. वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची कल्याण मंडळाकडे नोंदणी होते. आपले काम त्यात बसते का, हे त्याला विचारून घ्यायला सांगा. लाजून लपवलेल्या धंद्याची कुणी नोंदणी करत नाही, आणि मग अडचणीच्या वेळी हातात कागद नसतो.

कधी पलूसला आलात, तर बागा जरूर पाहा. औदुंबरला दर्शन घ्या, भिलवडीच्या घाटावर बसा. परतताना काठच्या एखाद्या गल्लीत पांढऱ्या भिंतीवर लाल रेघ दिसली, तर तिच्याखाली उभे राहून हात वर करून पाहा. माझा हात तिथवर पोचत नाही.